तीन हजार वर्षांची शिळा

"तुमचं गाव या शिळेभोवती वसलं, तीन हजार वर्षांपूर्वी." लंडनहून आलेले प्राध्यापक मार्जरीबाईंच्याच कुरणात उभं राहून त्यांना शिकवत होते. "बघा कशी गुळगुळीत झालीय. हजारो भक्तांचे हात फिरलेत. आता कुंपण घालू, म्हणजे गुरं फिरकायला नकोत."

साठ वर्षं याच इंग्रजी खेड्यात गुरं राखलेल्या मार्जरीबाईंना हसावं की काठी उगारावी कळेना.

"माझ्या सासऱ्यांनी रोवलाय हा धोंडा," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले त्या वर्षी. गायी अंग घासून कुंपणाचे खांब पाडायच्या म्हणून. भक्तांचे हात कसले, गायींची ढुंगणं फिरलीत याच्यावर."

प्राध्यापकांनी मान डोलावत सगळं वहीत उतरवलं. यांच्या डोक्यात उजेड पडला एकदाचा, असं वाटून बाईंनी त्यांना चहासुद्धा पाजला.

महिन्याभरात कुंपण झालं, पाटी लागली: "गावाची मूळ शिळा. हिच्यापुढे गायीही माथा टेकत, अशी वृद्ध स्त्रियांत दंतकथा आहे."

बाई वाचत होत्या तेव्हा एक गाय पाटीच्या खांबाला मन लावून ढुंगण घाशीत होती. खांब कलायला लागला होता. बाईंनी तिला हाकललं नाही.