कोण ओरडतंय ते पाहू

वेनेताने मशीन बंद केलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"आता?" काल्चेवसाहेबांनी विचारलं.

"आता कोण ओरडतंय ते पाहायचं."

नगरपालिकेच्या तळघरातली ही जुनी रीत. एखादं मशीन कुणाचं ते कळेनासं झालं, की सरळ बंद करायचं आणि कान देऊन बसायचं. ज्याचं असेल तो बोंबलत जिना उतरतोच. कर खात्याचं बंद केलं होतं तेव्हा कॉफी गार व्हायच्या आत माणसं खाली हजर झाली होती, त्यातला एक तर शिव्या देतच आला. कुणीच ओरडलं नाही, तर ते मशीन पुसून टाकायचं.

मशीन म्हणजे तरी काय, हात लावून दाखवावं असं काही नाही. एका लोखंडी कपाटाच्या पोटात ही सगळी नांदत होती, एका इमारतीत बिऱ्हाडं नांदावीत तशी. कुठल्या बिऱ्हाडात कुठली विंडोज, कुठली लिनक्स, किती जुनी, याची यादी ठेवणारा प्रोग्रॅम वेनेताने खपून बसवला होता. तो प्रत्येकाला विचारायचा आणि प्रत्येक जण आपापलं वय सांगायचा. नवं असेल तर ओळ हिरवी, जुनं असेल तर लाल. लाल ओळी तिने एकेक करून हिरव्या केल्या. एकच ओळ कोरी राहिली. 'चाचणी-२' नावाचं ते मशीन तोंडच उघडेना. इतकं जुनं, की विचारपूस करणारा प्रोग्रॅम त्याच्यावर चढत नव्हता. आत शिरावं, तर तिच्या आधीचा माणूस पासवर्ड डोक्यात घेऊन जर्मनीला गेला होता. तिथे तो आता फरश्या बसवत होता आणि फोन उचलत नव्हता.

बोक्याला उपासातलं जेवढं कळतं, तेवढंच काल्चेवसाहेबांना या सगळ्यातलं कळत होतं. पण राजधानीतून, सोफियाहून, तपासणी यायची होती, आणि साहेबांना यादी हिरवी हवी होती.

"लिही ना काहीतरी त्या रकान्यात. कोण बघतंय?"

"मी बघतेय. खोटं लिहायचं असेल तर तुमच्या हाताने लिहा."

साहेबांनी हात खिशात घातले.

वेनेताने आधी विचारलं नव्हतं असं नाही. मजल्यामजल्यावर जाऊन विचारलं होतं. पण माणसाला आपल्या टेबलावरचा पडदा तेवढा ठाऊक. त्याच्यामागे तळघरात कोण राबतं, त्याचं नाव काय, हे विचारतंय कोण? म्हाताऱ्यांच्या मदतकक्षातली रोसित्सा तर हसलीच. "चाचणी? आमच्या परीक्षा शाळेतच संपल्या, ताई."

तो गुरुवार होता. संध्याकाळी वेनेताने आईला फोन लावला. तिची आई त्सोना डोंगराकडच्या गावात एकटी राहायची. गावात धूर निघणारी घरं थोडीच उरली होती, बाकीच्यांना कुलपं.

"आई, थंडी फार पडलीय. ये ना माझ्याकडे."

"आणि कोंबड्या? तुझ्या बाल्कनीत कोंडू?"

"निदान तळघरात उतरू नकोस. पायऱ्यांवर बर्फ असेल."

"मग लोणची काय आपल्या पायांनी वर येतील?"

"बटण आहे ना गळ्यात?"

"आहे गं बाई. बकरीच्या गळ्यात घंटा, माझ्या गळ्यात हे. दाबलं की तुमची अख्खी नगरपालिका धावत येते म्हणे. एवढ्या लोकांना जेवायला काय घालू?"

वेनेता हसली. एकट्या म्हाताऱ्यांना नगरपालिकेने वाटलेलं ते बटण आईच्या गळ्यात पडावं आणि त्याची हाक शहरात पोचवणारं खोकं तिच्या घरात बसावं, म्हणून तिने इस्टरच्या भरल्या ताटावर भांडण काढलं होतं.

शुक्रवारी कुणी ओरडलं नाही. शनिवारीही नाही.

रविवारी दुपारी आईने फोन उचलला नाही. वाजून वाजून थांबला. वेनेताने पुन्हा लावला, मग कोट चढवला, गाडीची किल्ली घेतली. घाटात बर्फ होता. दारात तिला बटण आठवलं. काही झालं असतं तर म्हातारीने दाबलं असतं. बसली असेल कोंबड्यांशी बोलत. वेनेताने कोट काढून खुंटीला लावला.

सोमवारी साहेब चीज घातलेली गरम बानित्सा घेऊन आले. "ओरडलं कुणी?"

"नाही."

"मग काढ ती ओळ."

तिने काढली. मशीन पुसायचं दुपारवर ठेवलं. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. साहेबांनी त्याचा फोटो काढून सोफियाला पाठवला आणि बानित्साचा मोठा तुकडा स्वतःच्या हाताने तिच्यापुढे ठेवला.

घास तोंडात असताना फोन वाजला. आईच्या शेजारचे इलियाकाका होते.

"पोरी, ये," ते म्हणाले. "तळघराच्या पायऱ्यांखाली होती. गार पडलेली. मूठ उघडत नव्हती गं. आत ते तुमचं बटण होतं."

वेनेता तशीच वर मदतकक्षात गेली. रोसित्सा नखं रंगवत होती.

"माझ्या आईने बटण दाबलं होतं. माणूस का नाही पाठवलास?"

"कुणीच नाही दाबलं, ताई. गुरुवारपासून एक हाक नाही. मी म्हटलं, देव पावला, एवढ्या थंडीत सगळे ठणठणीत."

"गुरुवारपासून," वेनेता म्हणाली.

ती खाली आली. साहेब काहीतरी विचारत होते, तिने त्यांना बाजूला सारलं आणि चाचणी-२ चालू केलं. जुनं मशीन. त्याने सावकाश डोळे उघडले.

मग जिन्यावर पावलं वाजली. रोसित्सा ओरडतच उतरत होती.

"ताई, हाका आत्ता येताहेत, सगळ्या एकदम. घरातल्या खोक्यात अडकून पडल्या होत्या." ती दारात थांबली. तिचा आवाज खाली आला. "सगळ्या एकाच घरातल्या आहेत. शेवटची काल संध्याकाळची."