सहा किलोंची प्रगती

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये कंपनीच्या दवाखान्यात धाकटी जाऊ वजनकाट्यावर उभी राहिली आणि काटा एकशे पाचवर थांबला. वजन उतरवायच्या शस्त्रक्रियेचा खर्च द्यायला विम्याला निदान एकशे दहा किलो हवे होते.

“पाच किलो कमी पडतायत हो,” नर्सबाई हळहळल्या. “अर्ज एवढ्यात घेता येणार नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच तिचं वजन कुणाला तरी कमी वाटलं होतं.

बाहेर बाकावर थोरली जाऊ बसली होती. दोघी एकाच घरातल्या, एकाच पडद्यांच्या कारखान्यात कामाला. धाकटी कापड बेतायची, थोरली शिवायची. थोरलीचं वजन एकशे अठ्ठावीस. बाकावरून उठताना ती आधी बाकाची परवानगी घेते, असं कारखान्यात म्हणत. सगळ्यांत आधी तीच म्हणायची.

“काय झालं गं?”

“नापास,” धाकटी म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

झोपेत तिचा श्वास थांबायचा. नवरा घाबरून हलवून उठवायचा. साखर औषधांना दाद देत नव्हती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, हे असंच चाललं तर पंचेचाळिशी दिसणार नाही. ती अडतीस वर्षांची होती आणि मुली शाळेत होत्या. उपास करून तिने तीनदा वजन उतरवलं होतं. तिन्ही वेळा ते पाहुण्यासारखं गेलं आणि सगळा कुटुंबकबिला घेऊन परत आलं.

शस्त्रक्रियेचे दोन प्रकार सर्जननी समजावले होते. एकात पोटाला पट्टा बांधतात, दुसऱ्यात टाके घालून पोटच लहान करतात.

“म्हणजे चुण्या घालतात म्हण की,” थोरली तेव्हा म्हणाली होती. “मी घरीच घातल्या असत्या.”

पण तिला सुरीची भयंकर भीती. “आधी तू जा. तू धडधाकट परत आलीस की दुसऱ्या दिवशी माझा अर्ज.”

“म्हणजे पाणी किती खोल ते मी बुडून सांगायचं?”

“तुला पोहता येतं बाई. मी दगड आहे.”

विम्याशिवाय हे दोघींनाही जमणारं नव्हतं.

युक्ती थोरलीला सुचली. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे चपटे तुकडे घालतात. कारखान्यात त्यांच्या पेट्या पडलेल्या असत. थोरलीने धाकटीच्या लांब झग्याच्या अस्तरात सहा किलो शिसं इतकं बेमालूम शिवलं की चालताना आवाजसुद्धा येईना. एप्रिलमध्ये नर्सबाईंच्या काट्यावर एकशे अकरा भरले. अर्ज घेतला गेला.

त्यावर एक अट होती. सहा महिने नर्सबाईंनी दिलेला आहाराचा कागद पाळायचा, दर महिन्याला वजन करायचं आणि झालेली प्रगती फॉर्ममध्ये भरायची.

“परीक्षाच आहे ही,” थोरली म्हणाली. “मेहनत दिसली तर पास करतील. दर महिन्याला एक किलो शिसं काढू.”

धाकटीने तो कागद मात्र मनापासून पाळला. उकडलेलं, मोजलेलं, बेचव खाल्लं. दोन महिन्यांत दोन किलो उतरले, पुढच्या दोन महिन्यांत परत चढले. ती भिंतीला डोकं टेकून बसायची. दर महिन्याला दवाखान्यात जाण्याआधी कापडाचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर ती उभी राहायची आणि थोरली आकडा बघून अस्तर उसवायची.

एकशे दहा. एकशे नऊ. एकशे आठ.

“बघा, मनावर घेतलं की होतं!” नर्सबाई खूश होत्या. “इतकी वर्षं मी हेच सांगतेय.”

ऑक्टोबरात झग्यात काही उरलं नव्हतं. काट्याने एकशे पाच दाखवले. खरे.

विम्याच्या साहेबांनी बोलावलं तेव्हा दोघी बरोबरच गेल्या. साहेबांनी दोघींकडे पाहून थोरलीसाठी मोठी खुर्ची मागवली.

“अभिनंदन, बाई.”

“मंजूर झालं?” धाकटीने विचारलं.

“अहो, आता गरजच काय? नुसत्या आहाराने सहा किलो उतरलेत. ज्यांना आहार लागू पडतो, त्यांच्या पोटाला कोण हात लावेल?”

“साहेब, ते परत चढतं. माझं टिकत नाही. पाया पडते.”

“एकशे दहाच्या वर गेलं तर या की.”

धाकटीने तोंड उघडलं. थोरलीने टेबलाखाली तिचा हात घट्ट धरला. खरं सांगावं तर पहिल्या दिवसापासूनचा अर्जच खोटा ठरत होता. न सांगावं तर आहार यशस्वी ठरला होता.

दोघी घरी परतल्या. दारात थोरली म्हणाली, “तू नको गं धीर सोडूस. आता माझा अर्ज टाकते. मला शिसं लागायचं नाही. एकदा का मला वाट मिळाली, की तुझ्यासाठी मीच भांडेन.”

नर्सबाईंना त्याच वर्षी बढती मिळाली. त्यांचा आहाराचा कागद वजनाच्या तक्त्यासह छापून कंपनीच्या सगळ्या दवाखान्यांत लागला. साहेब पुढे सत्कार घेऊन निवृत्त झाले. तीन वर्षांनी नियम सैल झाले आणि धाकटीची शस्त्रक्रिया झाली. वाटीभर खाऊन, रोज तासभर चालून तिने ते वजन आजवर परत येऊ दिलेलं नाही. तिला नातवंडं आहेत.

अर्ज टाकल्यावर थोरली अकरा महिनेच जगली. तिचा अर्ज आठ दिवसांतच परत आला होता. त्याला तो छापील कागद टाचलेला होता आणि वर लाल शाईत लिहिलं होतं, “आधी हे करून पाहा. तुमच्याच घरात उदाहरण आहे.”