चवीचा पगार

दार लागलं तरी शंतनु दारासमोर उभाच होता. आत आई एकटी होती आणि समोर आयकर अधिकारी.

“दादा, बसून घे ना आता,” बाकावरून निवेदिता म्हणाली. ती त्याची मावसबहीण, आणि या प्रकरणात वकीलही. ती खुशीत होती, कारण आजची सुनावणी तिनेच भांडून मिळवली होती.

शंतनुचा चिवड्या-फरसाणाचा धंदा. उत्तरेतल्या या हिंदी शहरात कारखाना हरिशंकरपुरम वस्तीत घरामागे, दुकान दाल बाजारात. माल बाहेर जाण्याआधी चव पाहायची हे काम आईचं, म्हणजे कुसुमताईंचं, आणि त्याचा पगार त्यांच्या नावावर लागायचा. आधीच्या अधिकाऱ्याने तो सगळा खर्च नामंजूर केला. एवढी म्हातारी बाई कसलं काम करणार, म्हणाला. निवेदिताने अपिलात दोन गोष्टी लावून धरल्या, की माणसाला न विचारता त्याचं काम खोटं ठरवलंच कसं, आणि पाठीमागे घेतलेला जबाब आम्हाला न ऐकवता वापरायचा कसा? ते पटलं. प्रकरण इथल्या नव्या अधिकाऱ्याकडे परत आलं. कुसुमताईंना स्वतःला विचारा, शेजारी पढवायला कुणी नको, असा हुकूम आला. शंतनुने फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. रात्री तो हुकूम नीट वाचल्यावर त्याला खरा अर्थ लागला. हौसेने मागून घेतलेली आफत होती ती.

कारण आईला तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर चव कळत नव्हती. ती कुणाला बोलली नव्हती. एकदा चिवड्यात मीठ दुप्पट पडलं, तर एक घास चावून ती म्हणाली, “छान झालाय. जाऊ दे.” शंतनुने स्वतः एक घास तोंडात टाकला आणि कसाबसा गिळला. दुसऱ्या दिवशी त्याने चव पाहायला कारागीर गोविंदला नेमलं, त्याचा पगार वाढवला. आईकडे मात्र चवीची वाटी तो स्वतः रोज नेतच राहिला. आज हळद वर आली आहे, आज मीठ हात राखून पडलंय, असं आई सांगायची. शंतनु मान डोलवायचा आणि माल गोविंदच्या शब्दावर बाहेर पडायचा. निवेदितालाही त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं.

आणि आता फाइलीत गोविंदचाही पगार होता. त्याच्या कामापुढे तेच लिहिलेलं, चव पाहणे. प्रामाणिकपणाच्या भरात शंतनुने स्वतःच लिहून दिलं होतं. अधिकाऱ्याने एवढंच विचारलं की संपलं: “माताजी, चखने का काम तो गोविंद करता है, फिर आप क्या करती हैं?”

कर भरावा लागला असता, दंड बसला असता, तरी दुकान रडतखडत चाललं असतं. त्याची त्याला भीती नव्हती. पण बाबा गेल्यावर ज्या एका कामासाठी आई सकाळी अंघोळ करून, पातळ बदलून खुर्चीत येऊन बसायची, ते काम तिचं राहिलेलंच नाही हे तिला आज कळणार होतं. तेही परक्या माणसाकडून.

सकाळी निघताना तीच त्याला धीर देत होती. “तू टेंशन नको घेऊ रे. मी साहेबांना बरोबर सांगून देईन. माझ्याशिवाय तुमच्या कारखान्यात पान हलत नाही.”

आतून अधिकाऱ्याचा आवाज आला. मग आईचा, अगदी बारीक. मग नुसती टायपिंगची टकटक. शंतनु उठून दाराशी गेला, शिपायाने हातानेच मागे सारलं. विचारलं असेल, त्याला वाटलं. आता ती रडत असेल.

दार उघडलं. आई बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“जा, तुला बोलावताहेत,” ती म्हणाली. “साहेब फार सभ्य आहेत.” आणि तिने निवेदिताकडे पाणी मागितलं.

आत अधिकारी टंकलेल्या जबाबाकडे पाहत बसले होते. शंतनु खुर्चीच्या कडेवर टेकला.

“देखिए, माताजी ने मना किया है कि आपको न बताऊँ,” ते जरा संकोचून म्हणाले. “पर अपील में आप ही ने लिखा है, पीठ पीछे लिया हुआ बयान बिना सुनाए नहीं चलेगा. तो सुनाना पड़ेगा.”

ते हिंदीत वाचत गेले. शंतनुला ते आईच्या आवाजात, मराठीत ऐकू येत होतं.

“मला तीन वर्षं झाली, चव कळत नाही. मुलाला ते ठाऊक आहे. खारट चिवडा मी पास केला तेव्हा त्याचं तोंड मी बघितलं होतं. आता चव गोविंद बघतो, तेही मला माहीत आहे. मी आपलं मनाला येईल ते ठोकून देते. पगार नामंजूर करा, माझी बिलकुल हरकत नाही. फक्त मला सगळं कळतं हे त्याला सांगू नका, नाहीतर वाटी घेऊन तो यायचा बंद होईल. दिवसभर त्याला धंद्यातून फुरसत नसते. मी चव सांगेपर्यंत तेवढा माझ्याजवळ बसतो. म्हणून मी सावकाश सांगते.”