तोंड सोडून

"ओठ कुणी फोडला?" फेलिक्स सरांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. डोळा पण काळानिळा झाला होता, पण तिकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ट्रम्पेट डोळ्यानं नाही, ओठानं वाजतं.

"बापानं. म्हणाला, शाळा सोडलीस ना, मग गॅरेजवर मर. पिपाणी कसली फुंकतोस!"

सर हॉटेलात जॅझ वाजवतात. त्यांच्या शिकवणीत वही नाही, छडी नाही. सूर चुकला की म्हणतात, "थांबू नको, पुता. चुकलास तिथनंच पुढं जा." पण ओठाला इतकं जपतात की चहासुद्धा गार करून पितात. आज ट्रम्पेट पेटीत टाकून ते सरळ माझ्याबरोबर गॅरेजवर आले.

"पोराच्या तोंडावर मारू नका," ते बापाला म्हणाले. "पाठीत मारा, ढुंगणावर मारा. ओठ सोडा."

"माझं पोरगं आहे, कुठं पण मारीन. तू कोण रे, बँडवाल्या?" असं म्हणत बापानं त्यांच्याच तोंडावर ठोसा हाणला. सरांचा ओठ फाटला. पांढऱ्या शर्टावर रक्त सांडायला लागलं.

माझं डोकं सटकलं. चाकाचा पाना उचलून मी बापावर धावलो. सरांनी मधेच माझं मनगट धरलं आणि एकेक बोट उलगडून पाना काढून घेतला.

"बोटं सांभाळ," फाटक्या ओठानं ते म्हणाले. "तुला अजून वाजवायचंय."

मग ते वळले आणि पाना बापाच्या गुडघ्यावर घातला.