दार लोटून दिलेला चहा

"बाबा, तुम्ही आईला रोज सकाळी थँक्यू नेमकं कशाबद्दल म्हणता?"

प्रश्न तिचा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती. चष्मिष्ट म्हणाली होती, "हिंमत असेल तर विचार. आमचे बाबा आईशी बोलतात ते फक्त 'मीठ कमी आहे' एवढंच." आणि जिला घरीदारी सगळे भोंगा म्हणत, ती हिमतीत मागे राहणार होय?

बाबा टोस्टला लोणी लावता लावता हसले. "कशाबद्दल म्हणजे? संसाराबद्दल! आपल्या माणसाला रोज थँक्यू म्हणावं. फुकट असतं आणि भरपूर पुरतं."

आई डबे भरत होती. तिने झाकण जरा जोरात दाबलं.

"वा! हे भाषणात घालते," भोंगा म्हणाली. शनिवारी बाबा शाळेत पाहुणे म्हणून येणार होते, आणि त्यांची ओळख करून द्यायचं काम तिने अख्ख्या वर्गाच्या नाकावर टिच्चून पटकावलं होतं.

बाबा विज्ञानकथा लिहीत. साध्यासुध्या नव्हेत! त्यांच्या एका ग्रहावर बारा महिने वाफ असे. तिथले लोक सकाळी खिडकीवर आपले चेहरे जमा करत, बिल्ला घेत आणि संध्याकाळी सुरकुत्या काढून परत नेत. एकदा चेहऱ्यांची अदलाबदल होते, आणि कुणाच्याच घरी ते लक्षात येत नाही. ही गोष्ट वाचून भोंग्याच्या अंगावर काटा आला होता.

"सुचतं कसं हो तुम्हाला?" असं कुणी विचारलं की बाबा डोळे मिटून म्हणत, "मला कुठलं सुचतंय? स्वप्न असतं ते. डोकं चालवून रचलेल्या गोष्टीला घामाचा वास येतो. स्वप्न आभाळातून पडतं. त्याला मालक नसतो."

म्हणून घरात एक कायदा होता. सकाळी बाबा चहाचा कप घेऊन आईकडे जात आणि दार लोटून घेत. त्यांचं लिहून होईपर्यंत कुणी आवाज चढवायचा नाही. आवाजाने स्वप्न विरतं. आतून नुसती कुजबुज ऐकू येई. मग "थँक्यू गं," आणि बाबा लगबगीने कॉम्प्युटरपाशी. बाबा आपलं स्वप्न सगळ्यांत आधी आईला सांगतात, हे भोंग्याला लहानपणापासून पाठ होतं.

"नवरा चहा करून आणतो, वर थँक्यू म्हणतो! मला अस्साच हवा," वर्गातली लांबडी उसासा टाकून म्हणाली.

आई मात्र भाषणासाठी एक वाक्य द्यायला तयार नव्हती. ती लाँड्रीत इस्त्री करायची. संध्याकाळी आली की केसांना वाफेचा वास असायचा.

"काहीतरी सांग ना गं, बाबांबद्दल."

"चहा चांगला करतात, असं लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आत गेले आणि लगेच बाहेर आले. हातातला कप तसाच भरलेला. थँक्यू नाही की काही नाही. त्यानंतरच्या सकाळीही तेच. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली.

भांडण झालंय, भोंग्याने ताडलं. जेवताना दोघांच्या तोंडाला कुलूप. कुणीतरी बोलायलाच हवं, म्हणून तिने आपलं ताजं स्वप्न सांगायला घेतलं. "मला काय दिसलं माहितीये? शाळेच्या फाटकाशी सगळ्यांनी आपापल्या सावल्या काढून ठेवायच्या. सुटताना एका मुलीला चुकून मुख्याध्यापिकांची सावली मिळते, आणि घरी गेल्यावर तिची आई तिच्यासमोर उभी राहायला लागते!"

बाबांचा चमचा ताटातच थांबला. "पुढे?"

"पुढे आधी जेवते. पोटात कावळे ओरडतायत."

सकाळी तिला जाग आली ती कपाच्या किणकिणीने. बाबा उशाशी! तिच्यासाठी चहा! त्यांनी दार लोटून घेतलं. "हं, पुढे काय झालं?"

आपण मोठे झालो, या आनंदाने भोंग्याला आभाळ ठेंगणं झालं. तिने शेवटापर्यंत सगळं सांगितलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे ओठ तिची वाक्यं पुटपुटत होते.

"थँक्यू गं," ते म्हणाले आणि लगबगीने गेले. बाहेर कीबोर्ड वाजायला लागला.

भोंगा कप हातात धरून बसून राहिली. काहीतरी राहून गेलं होतं. मग तिच्या लक्षात आलं. बाबांनी स्वतःचं स्वप्न सांगितलंच नव्हतं. त्याची वेळच आली नव्हती.

ती स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी उभी राहून स्वतःपुरता चहा करत होती.

"सगळं सांगितलंस?" आईने मागे न बघता विचारलं.

"हो. शेवटसुद्धा." भोंग्याचा आवाज कधी नव्हे तो खाली गेला होता. "आई, ती वाफ, ते बिल्ले... ती स्वप्नं तुझी होती?"

"स्वप्नं कसली डोंबलाची!" आई हसली, त्यात हसू नव्हतं. "लग्न झालं तेव्हा एकदा खरं सांगून पाहिलं. ऐकून घेतलं नाही त्यांनी. मग म्हटलं, स्वप्न पडलं. त्या दिवशी पहिल्यांदा चहा आला."

"खरं म्हणजे काय, आई?"

आई तिच्या कानाशी वाकली. एकच वाक्य बोलली आणि चहा गाळायला लागली.

"भोंगा," बाहेरून बाबांनी हाक मारली, "सावल्या खुंटीला टांगलेल्या होत्या, की घडी करून ठेवलेल्या?"

भोंगा दारात येऊन उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा घरचा कायदा मोडून, नावाला शोभेल अशा आवाजात म्हणाली, "दोघंही ऐका. शनिवारी मी बाबांची ओळख करून देणार नाही, आईची करून देणार. पहिलं वाक्य तयार आहे: या बाईंना आयुष्यात एकही स्वप्न पडलेलं नाही, सगळ्या गोष्टी त्यांनी इस्त्री करता करता रचल्या आहेत."