ज्येष्ठतेनुसार

धरणाच्या भिंतीला तडा गेलाय, एवढंच सांगायला वृंदा टिपणीस तिसऱ्या बैठकीत बसली होती. बैठकीत ज्येष्ठतेनुसार बोलायचं, हा खात्याचा रिवाज. तारुण्याचं इंजेक्शन आल्यापासून कोणी निवृत्त होत नव्हतं, त्यामुळे तिच्याआधी एकेचाळीस जण होते. सातव्याचं बोलणं होईपर्यंत चहा यायचा आणि बैठक संपायची.

आजही कपबशा वाजल्या. वृंदा ताडकन उठली. "साहेब, तडा रुंदावतोय! खालची तीन गावं आजच हलवायला हवीत!"

मुख्य अभियंता खासनीस नुकतेच एकशे बावन्न वर्षांचे झाले होते. त्यांनी बिस्किट बुडवलं.

"तुमच्या पिढीला धीर म्हणून नाही. किती वर्षं झाली नोकरीला?"

"छत्तीस."

"म्हणजे कालच लागलीस की."

"एकसष्ट वर्षांची आहे मी! आणि भिंत काय माझं प्रमोशन होईपर्यंत थांबणारे?"

"आवाज खाली! उद्या वडिलांना घेऊन ये, त्यांच्याशीच बोलतो."

"हे काय, शेजारीच बसलेत," वृंदा दातओठ खात म्हणाली. "साठ वर्षं झाली त्यांना इथे. बोला की, ते तरी कुठे अजून तोंड उघडू शकलेत!"