निकाल यायच्या आधी

पाव्हणं, च्या घ्या आन ऐका, एका बाईनं कसा सूड उगवला ते सांगतो.

वळसंगच्या शालनच्या गर्भाच्या पिशवीत गाठ निघाली. सोलापूरचा डॉक्टर म्हणला, "फार झपाट्यानं वाढतीय. कॅन्सरची का साधी, ते कापायच्या आधी तपासू." एमआरआय झाला, गाठीचा तुकडाबी तपासायला गेला. निकाल यायच्या आतच तिचा नवरा सिदू अक्कलकोटला दुसरी बायको बघून आला. शालनला ते शेजारणीनं सांगितलं.

निकालाला ती एकटीच गेली आन तोंडाला पदर लावून घरी आली. "मालक, माजं काय खरं न्हाय. घर तेवढं माज्या नावावर करा. हक्काच्या घरात डोळं मिटू द्या."

सिदूला वाटलं, ही गेली की घर फिरून आपलंच की. लगेच करून दिलं.

ऑपरेशन झालं. बरी हून शालन दारात हुबी ऱ्हायली.

"गाठ साधीच हाय, हे डॉक्टरनं मला तवाच सांगितलं व्हतं, मालक. धरा तुमचं बोचकं आन निघा अक्कलकोटला."

सिदू आता खोली हुडकत फिरतोय, पाव्हणं. तुमच्या दारात आला तर पाणी पाजा, खोली तेवढी देऊ नका.